मार्क १४: अमेरिकन पाणतीर पावणेदोन वर्षं फुसका का निघत होता?

दर्याकाठ

मिडवेच्या लढाईवरच्या धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं, की १९४२ मध्ये पॅसिफिकात अमेरिकेच्या पाणबुड्या नेमक्या करत काय होत्या? पाणबुड्या जागेवर होत्या, समोरून जपानी जहाजं जात होती, नेमही बऱ्यापैकी लागत होता. पाणतीरच (टॉर्पेडो) फुटत नव्हता. तिकडे विषयांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

आधी वस्तू काय होती ते सांगतो. मार्क १४ हा ६.२५ मीटर लांब, ५३३ मिलिमीटर व्यासाचा आणि दीड टनाच्या आसपास वजनाचा पाणतीर. नाकात स्फोटक, त्यामागे दाबून भरलेल्या हवेची टाकी, मग पाणी आणि अल्कोहोल, मग टर्बाइन, आणि शेपटीत एकमेकांच्या उलट फिरणारे दोन पंखे. अल्कोहोल हवेत जाळायचं, ज्वाळेवर पाणी फवारायचं आणि तयार होणारी वाफ व गरम वायू टर्बाइनवर सोडायचे. वेग दोन: ४६ नॉटने ४५०० यार्ड किंवा ३१.५ नॉटने ९००० यार्ड. प्रत्यक्षात जवळजवळ सगळे कप्तान ४६ वरच सोडायचे. दिशा जायरो सांभाळायचा. खोली सांभाळायला पाण्याचा दाब ओळखणारा पडदा आणि एक लंबक होता, आणि ते दोघं मिळून आडवी सुकाणू हलवायचे.

हा ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टच्या सरकारी कारखान्याचा माल. एका नगाची किंमत सुमारे १०,००० डॉलर.

दोष तीन होते. पाणतीर लावलेल्या खोलीपेक्षा खालून जायचा. चुंबकी एक्स्प्लोडर, म्हणजे जहाजाचं लोखंड ओळखून स्फोट घडवणारी कळ, एक तर अवेळी उडायचा, नाही तर उडायचाच नाही. आणि पाणतीर थेट जहाजावर आदळला तरी स्फोट पेटवणारी आतली सुई अडकायची. आता खरी गोम बघा: पहिल्या दोषाने दुसऱ्यावर पांघरूण घातलं होतं आणि दुसऱ्याने तिसऱ्यावर. मुळात खालून जाणारा पाणतीर जहाजाला लागणारच नाही, मग आदळल्यावर सुई अडकते हे कळणार कसं? म्हणून एक दुरुस्त केला की दुसरा उघडा पडायचा, आणि वरिष्ठ म्हणायचे, “आत्ताच तर दुरुस्त केला, आता तुमचा नेम चुकतोय.”

सार्गो ही पाणबुडी डिसेंबर १९४१ च्या पहिल्याच फेरीत १३ पाणतीर सोडून रिकाम्या हाताने परतली. तिचा कप्तान जेकब्ज याने मधेच स्वतःच्या जबाबदारीवर चुंबकी भाग बंद करून पाहिला, तरी उपयोग झाला नाही. होणार कसा? पाणतीर खालूनच जात होते.

यंत्रतंत्र

छान सुरुवात. खोलीच्या चाचणीबद्दल सविस्तर लिहितो, कारण या सगळ्या प्रकरणातलं मला सगळ्यात आवडणारं काम ते आहे. मच्छीमाराचं एक जाळं घेऊन मोठमोठ्या तज्ज्ञांना खोटं पाडलं.

जागा ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य टोकाला, अल्बानीजवळ, फ्रेंचमन बे. करून घेणारा चार्ल्स लॉकवूड, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या अमेरिकन पाणबुड्यांचा तेव्हाचा प्रमुख, आणि पाणबुडी स्किपजॅक. पाण्यात जाळं उभं टांगलं. स्फोटकाच्या जागी सरावाचं डोकं लावलं आणि वजन खऱ्या स्फोटकाएवढं व्हावं म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण भरलं. ही बारीक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

२० जून १९४२ ला पहिला पाणतीर ८५० यार्डांवरून सोडला, खोली लावली होती १० फूट. बुडी मारणाऱ्या माणसाने खाली जाऊन बघितलं, तर जाळ्याला भोक २५ फुटांवर. दुसऱ्या दिवशी पुन्हा १० फूट लावून सोडला, भोक १८ फुटांवर. तिसरा तर शून्यावर लावला, म्हणजे हिशेबाने पाण्याला घासत जायला हवा. तो ११ फुटांवरून गेला.

वॉशिंग्टनच्या शस्त्रास्त्र खात्याचं उत्तर आलं, की तुमच्या पाणतिराचा तोल नीट साधलेला नव्हता, त्यामुळे निष्कर्ष धरता येत नाहीत. लॉकवूडने १८ जुलैला सॉरी या पाणबुडीवरून आणखी चार सोडले, तेही खात्याने सांगितल्याप्रमाणे तोल साधून. १० फुटांवर लावलेले पाणतीर जाळ्यातून गेले २१ फुटांवरून. १ ऑगस्टला खात्याने मान्य केलं: हो, ११ फूट खोल जातो.

कोलंबीभात

मग न्यूपोर्टवाल्यांनी कधी चाचणी घेतलीच नव्हती का? ११ फूट म्हणजे एक मजला. एवढी चूक दिसली नाही?

फुटपट्टी

घेतली होती. म्हणून तर गंमत आहे.

पाण्याचा दाब घेणारं भोक पाणतिराच्या मागच्या भागात, शेपटीकडे निमुळता होत जातो तिथे होतं. उभ्या पाण्यात ते बरोबर मोजायचं. पण पाणतीर पळू लागला की अंगावरून वाहणाऱ्या पाण्यामुळे त्या जागचा दाब आजूबाजूच्या पाण्यापेक्षा कमी होतो. पडद्याला वाटतं आपण उथळ आहोत, म्हणून तो सुकाणू खाली दाबतो.

आकड्यात बघू. समुद्राच्या पाण्यात दर फुटाला दाब साधारण ०.४४५ पीएसआयने (चौरस इंचावर इतके पौंड) वाढतो. ११ फुटांची चूक म्हणजे जेमतेम ४.९ पीएसआय. ४६ नॉट म्हणजे सेकंदाला २३.७ मीटर. त्या वेगाचा गतिज दाब (अर्धा गुणिले घनता गुणिले वेगाचा वर्ग) २८७ किलोपास्कल येतो, म्हणजे ४१.६ पीएसआय. त्याच्या फक्त १२ टक्के ओढ त्या भोकाशी बसली, की पाणतीर ११ फूट खाली. बांधणीतली चूक हास्यास्पद नव्हती, वेग वाढल्यावर ती वर्गाच्या पटीत फुगली. ३१.५ नॉटला हीच चूक ५ फुटांच्या आसपास येते. जुना मार्क १० हा ३६ नॉटचा, आणि तोही ४ फूट खोल जातो असं खात्यानेच जानेवारी १९४२ मध्ये कळवलं होतं. बांधणी वेगळी असल्याने आकडे एकास एक जुळणार नाहीत, पण रोग तोच. तेव्हाच मार्क १४ कडे संशयाने बघायला हवं होतं.

आता कोलंबीभात, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. कारखान्यात खोली नोंदवायला पाणतिराच्या आतच एक नोंदयंत्र ठेवत. तेही पाण्याचा दाबच मोजायचं, आणि वाहत्या पाण्याने तेही तसंच फसायचं. चोर आणि पहारेकरी दोघं एकाच घरातले. दोघांची साक्ष तंतोतंत जुळली, आणि कागदावर पाणतीर अगदी बरोबर खोलीवर धावला.

शिवाय सरावाचं डोकं खऱ्यापेक्षा हलकं. त्यात स्फोटक ५०७ पौंड टीएनटीवरून ६४३ पौंड टॉर्पेक्स या जास्त जोरदार स्फोटकावर गेलं, म्हणजे नाक आणखी जड. यंत्रतंत्र यांनी कॅल्शियम क्लोराइडचा उल्लेख केला तो म्हणूनच महत्त्वाचा. जाळं मात्र दाब वगैरे काही मोजत नाही. भोक जिथे पडलं तिथे पडलं.

साडेतीन_नॉट

एक भाबडा प्रश्न. ११ फूट खोल जातो हे कळल्यावर ११ फूट वजा करून लावायचा, झालं काम. अडचण कुठे होती?

दर्याकाठ

तेच केलं, आणि तात्पुरता इलाज म्हणून चाललंही. पण उथळ बुडाच्या जहाजावर, समजा ८ फुटांवर मारायचा असेल, तर वजा तीन कसं लावणार? कायमचा इलाज म्हणजे दाब घेणारं भोक पुढे, मधल्या सरळ भागात नेणं. तिथे वेगाचा परिणाम जवळपास नाहीसा होतो.

आणि खोली सुधारली तेव्हाच दुसरं भूत बाहेर आलं. पाणतीर आता जहाजाच्या बुडाजवळून जाऊ लागले, आणि वाटेतच फुटू लागले.

यंत्रतंत्र

चुंबकी एक्स्प्लोडर, मार्क ६. कल्पना उत्तम होती. कोकणात बोट बांधताना ज्याला पठाण म्हणतात, त्या बुडाच्या मुख्य कण्याखाली स्फोट झाला तर जहाज मधोमध मोडतं. बाजूला आदळून फुटलेल्या पाणतिराने भोक पडतं, कण्याखाली फुटलेल्याने कंबर मोडते. लोखंडी जहाज पृथ्वीच्या चुंबकी क्षेत्राला वाकवतं. पाणतीर खालून जाताना हा बदल आतल्या वेटोळ्याला जाणवायचा, जुन्या रेडिओत असायचा तसा व्हॉल्व्ह त्याला मोठा करायचा आणि सुईची कळ सुटायची. पाण्याच्या प्रवाहाने फिरणारी एक छोटी चक्री साधारण ४५० यार्ड गेल्यावर सगळी यंत्रणा जागी करायची, म्हणजे स्वतःच्या पाणबुडीला धोका नाही.

बिघाड कुठे? न्यूपोर्टला पृथ्वीचं क्षेत्र जमिनीशी सत्तर अंशांहून जास्त कोनात, जवळजवळ उभं असतं. विषुववृत्ताकडे ते आडवं होत जातं. त्यामुळे जहाजाभोवतीच्या चुंबकी विस्काटाचा आकारच बदलतो. तो बुडाखाली एकवटण्याऐवजी आडवा पसरतो. पाणतीर जहाजापासून लांब असतानाच “आलो” असं समजून फुटतो, नाही तर खालून निघून गेला तरी त्याला पुरेसा बदल जाणवत नाही.

बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं, की न्यूपोर्टवाल्यांना हे माहीतच नव्हतं. तसं नाही. त्यांनी क्रूझर इंडियानापोलिस विषुववृत्ताजवळ नेऊन मोजमापं घेतली होती. जिवंत स्फोटक लावून खऱ्या जहाजाखाली मात्र किती वेळा उडवलं? १९२६ मध्ये, एल-८ नावाच्या भंगारातल्या पाणबुडीवर, दोन वेळा. त्यातला एक फुटला. एवढ्या भांडवलावर मंडळी महायुद्धात उतरली.

सुकाणू

गुप्ततेचा भाग राहिला. मार्क ६ इतका गुप्त, की शांततेच्या काळात पाणबुड्यांना तो दाखवलासुद्धा नाही. त्यांच्याकडे साधा मार्क ५ असायचा. माहितीपुस्तिका लिहून ठेवली होती, पण वाटली नव्हती. युद्ध सुरू झाल्यावर पेट्या उघडल्या आणि वापरणारे ती यंत्रं पहिल्यांदा बघत होते.

तुटवडाही विसरू नका. १० डिसेंबर १९४१ ला जपानी बॉम्बफेक्यांनी मनिलाजवळचा काविते तळ जाळला, तिथे २३३ पाणतीर गेले. त्यानंतर एकेक पाणतीर मोजून मिळत होता. अशा वेळी “आम्हाला चार पाणतीर खडकावर फोडून बघायचेत” म्हणणाऱ्याला कोण ऐकून घेणार?

कोलंबीभात

म्हणजे चूक सरळ सरळ न्यूपोर्टची. खटले भरायला हवे होते.

सुकाणू

इतकं सोपं नाही हो. ब्रिटिश आणि जर्मन दोघांनी हीच चुंबकी कल्पना केली आणि दोघंही तोंडावर आपटले. १९४० मध्ये नॉर्वेच्या मोहिमेत जर्मन पाणबुड्यांचे पाणतीर फुसके गेले. २६ मे १९४१ ला आर्क रॉयल या ब्रिटिश विमानवाहू नौकेच्या स्वोर्डफिश विमानांनी चुकून आपल्याच शेफील्ड क्रूझरवर हल्ला केला आणि चुंबकी पाणतीर पाण्यात पडता पडता फुटले. शेफील्ड वाचली ती त्यामुळेच. मग पुढच्या फेरीत साधे, आदळून फुटणारे पाणतीर लावले आणि त्यांनीच बिस्मार्क या जर्मन युद्धनौकेचं सुकाणू जायबंदी केलं. जर्मनांनी स्वतःचा दोष शोधून संबंधितांवर खटलेही चालवले. अमेरिकनांचा गुन्हा चूक करण्यात नव्हता. समुद्रावरून येणारी तक्रार दीड-पावणेदोन वर्षं नेम चुकण्याच्या खात्यात टाकली, तो गुन्हा.

दर्याकाठ

सहमत. शेवटी पॅसिफिक ताफ्याचा सेनापती निमिट्झ याने २४ जून १९४३ ला पर्ल हार्बरच्या ताफ्याला चुंबकी भाग बंद करण्याचा हुकूम दिला. ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलच्या ताफ्यात मात्र तो चालूच राहिला, कारण तिथला प्रमुख राल्फ क्रिस्टी हा मार्क ६ घडवणाऱ्यांपैकीच. पाणबुडी एका ताफ्याच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत गेली, की एक्स्प्लोडरची जोडणी बदलायची! शेवटी क्रिस्टीला वरूनच हुकूम आला, तोवर १९४३ संपत आलं होतं.

आणि पर्ल हार्बरच्या हुकमानंतर बरोबर महिन्याने तिसरा दोष चव्हाट्यावर आला. २४ जुलै १९४३, पॅसिफिकातल्या जपानी तळाच्या, त्रुक बेटांच्या पश्चिमेला टिनोसा ही पाणबुडी, कप्तान डॅस्पिट. समोर तोनान मारू ३, देवमाशांचं तेल काढायचं १९,००० टनांवरचं प्रचंड जहाज, आता तेलवाहू म्हणून वापरात. सुरुवातीच्या पाणतिरांतले दोन गैरसोयीच्या कोनातून, तिरपे, शेपटीकडे बसले आणि फुटले. जहाज जागेवर थांबलं. जवळ पहारेकरी विनाशिका नाही. डॅस्पिटने सावकाश जाऊन ८७५ यार्डांवर, अगदी काटकोनात, पुस्तकात दाखवतात तशी जागा धरली आणि एकेक करून पाणतीर सोडले. प्रत्येकाची धाव पेरिस्कोपमधून बघितली. पाणतीर आदळतो, पाण्याचा फवारा उडतो, आणि पुढे काही नाही. एकूण १५ सोडले. उरलेला एक त्याने राखून ठेवला आणि पर्ल हार्बरला नेऊन तपासायला दिला.

तिरपे दोन फुटले, काटकोनातले एकही नाही. सगळं निदान या एका ओळीत आहे.

यंत्रतंत्र

त्या सुईची रचना डोळ्यांसमोर आणा. पाणतीर आडवा धावतोय. आदळला की झटक्याने कळ सुटते आणि स्प्रिंगच्या जोरावर सुई वरच्या दिशेने, म्हणजे धावण्याच्या दिशेला आडवी, दोन मार्गदर्शक खुंट्यांवरून सरकते आणि स्फोट सुरू करणाऱ्या छोट्या टोपीवर आदळते. काटकोनात बसलेल्या धडकेत पाणतीर थांबताना जो झटका बसतो तो गुरुत्वाकर्षणाच्या ५०० पटींच्या घरात. दीडशे ग्रॅमची पोलादी वस्तू त्या क्षणी ७५ किलोच्या वजनाने खुंट्यांवर रेलते. पावसाळ्यात फुगलेल्या दाराची कडी सरकवून बघा, आणि त्याच वेळी दुसऱ्याला पलीकडून दार दाबून धरायला सांगा. कडी सरकते, पण रखडत. सुईचंही तेच. टोपीपर्यंत पोचायची, पण ती पेटवण्याइतका जोर उरलेला नसायचा. तिरप्या धडकेत झटका कमी, म्हणून सुई मोकळी.

पुन्हा वेगाचा वर्ग आलाच. जुन्या, ३३ ते ३६ नॉटच्या पाणतिरांत हीच रचना चालून जायची. ३६ वरून ४६ म्हणजे धडकेचा जोर १.६ पट. रचना जुनी, वेग नवा.

मग ३१ ऑगस्ट १९४३ ला मस्कॅलंज पाणबुडीने हवाईच्या काहोओलावे बेटाच्या उभ्या कड्यावर जिवंत पाणतीर मारले. दोन फुटले, तिसरा फुसका. तो पाण्यातून उचलून आणला, म्हणजे चेपलेल्या नाकात टॉर्पेक्स भरलेला जिवंत पाणतीर. उघडून बघितला तर कळ सुटलेली होती, सुईही वर गेली होती, फक्त टोपी पेटली नव्हती.

फुटपट्टी

पुढची चाचणी माझ्या आवडीची. स्फोटक काढलेली, पण एक्स्प्लोडर बसवलेली डोकी क्रेनवरून ९० फुटांवरून पोलादी पत्र्यावर टाकली. ९० फूटच का? २७.४ मीटरवरून पडणारी वस्तू खाली पोचते तेव्हा वेग येतो सेकंदाला २३.२ मीटर, म्हणजे ४५ नॉट. पाणतिराची पूर्ण धाव एका क्रेनने उभी केली, पाणी नाही, इंधन नाही, १०,००० डॉलरचा धूर नाही. सपाट पडलेल्या १० पैकी ७ फुसके. पत्रा ४५ अंशांत कलता ठेवल्यावर निम्मे फुसके.

उत्तर मिळाल्यावर दुरुस्ती पर्ल हार्बरच्याच कार्यशाळेत. सुई पोलादाऐवजी हलक्या, चिवट ॲल्युमिनियम मिश्रधातूची. वजन तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, म्हणून खुंट्यांवरचं घर्षणही तितकंच कमी. त्या धातूसाठी ७ डिसेंबर १९४१ च्या पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यात पडलेल्या जपानी विमानांचे पंखे कापले. ३० सप्टेंबर १९४३ ला बार्ब ही पाणबुडी दुरुस्त पाणतीर घेऊन निघाली. पुढे सुईऐवजी गोळी सरकून विजेचं मंडळ जोडणारी कळही आली.

दुरुस्ती व्हायच्या आधी मधल्या काळात कप्तानांना सूचना होती: काटकोन टाळा, तिरपा मारा. आयुष्यभर शिकवलेलं सगळं उलटं.

विमानवेडा

विमानातल्या पाणतिराची कथा वेगळी आहे, थोडक्यात टाकतो. अमेरिकन मार्क १३ सुरुवातीला ५० फूट उंचीवरून आणि सुमारे ११० नॉट वेगानेच टाकावा लागे, नाही तर तो पाण्यात मोडायचा नाही तर भरकटायचा. मिडवेला ४ जून १९४२ ला विमानवाहू नौकांवरून पाणतीर टाकणारी ४१ डेव्हास्टेटर विमानं गेली, ती याच सरळ, संथ, खालच्या वाटेने. एकही पाणतीर लागला नाही. १९४४ पर्यंत नाकाला लाकडी कडं आणि शेपटीला पत्र्याचं वळं आलं. लाकडी कडं हवेत वेग तोडायचं, पाण्यावर आदळताना धक्का स्वतः खायचं आणि फुटून निघून जायचं. त्यानंतर हजार फुटांवरूनही टाकता येऊ लागला. ७ एप्रिल १९४५ ला यामातो या जपानी युद्धनौकेला लागले ते हेच.

जपान्यांनी लाकडाचीच युक्ती आधी केली होती. टाइप ९१ च्या शेपटीला लाकडी पंख लावून तो हवेत आडवा ठेवला, म्हणून पर्ल हार्बरच्या १२ मीटर पाण्यात तो चिखलात रुतला नाही.

साडेतीन_नॉट

जपानी पाणतिरांत दोष नव्हतेच का? त्यांच्या जहाजांवरच्या टाइप ९३ पाणतिराचं कौतुक ऐकून कान किटले.

सुकाणू

कौतुक योग्यच आहे. ६१० मिलिमीटर व्यास, ४९० किलो स्फोटक, ४८ नॉटच्या पुढे वेग आणि त्या वेगाने २० किलोमीटर. हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन, म्हणून मागे बुडबुड्यांची रेघ जवळजवळ नाही. पण ऑक्सिजनच्या नळीत तेलाचा एक थेंब राहिला तरी भडका. म्हणून नळ्यांना तीव्र वळणं द्यायची नाहीत, सगळं कटाक्षाने धुवायचं, आणि सुरुवात साध्या हवेने करून हळूहळू ऑक्सिजनवर जायचं.

दोषही होते. २७ फेब्रुवारी १९४२ ला जावा समुद्रात त्यांचे बरेच पाणतीर वाटेतच फुटले, कारण नाकातली कळ फार हळवी होती. आणि डेकवर ठेवलेले पाणतीर म्हणजे स्वतःच्याच उशाशी सुरुंग. २५ ऑक्टोबर १९४४ ला सामारजवळ सुझुया क्रूझरवर बॉम्ब थेट लागलाही नव्हता, जवळ पडला. आगीने तिचेच पाणतीर उडाले आणि ती गेली.

कोलंबीभात

आणि ते तोनान मारू? इतके पाणतीर अंगावर घेऊन वाचलं?

दर्याकाठ

त्या दिवशी वाचलं, ओढत त्रुकला नेलं. तिथेच फेब्रुवारी १९४४ च्या हवाई हल्ल्यात बुडालं. १९५१ मध्ये वर काढलं, जपानला नेऊन दुरुस्त केलं आणि पुन्हा देवमाशांच्या शिकारीला लावलं.